रंगीत मेंदूची उलटतपासणी

मेंदू उजळत नाही. कवटीच्या आत कुठलाही दिवा लागत नाही. तरीही दर काही दिवसांनी एखाद्या बातमीत करड्या मेंदूवर लाल-पिवळा डाग झळकतो आणि खाली ओळ असते : प्रेमात पडलात की हा भाग उजळतो, राग आला की तो भाग पेटतो, मोबाइल वाजला की तिसराच. आपण वाचतो, मान डोलावतो, चित्र पुढे पाठवतो. फोटोवर कोण शंका घेणार?

पण तो फोटो नसतोच. आकडेमोड करून काढलेला तो निकाल असतो, आणि निकाल म्हटला की उलटतपासणी आली. या आठवड्यात ती करायची आहे. कारण मेंदूच्या चित्रांवर आणि आलेखांवर आज माल विकला जातो, पालकांना घाबरवलं जातं, आणि आपल्या पुण्यात तर एका खुनाच्या खटल्यात मेंदूचा आलेख न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहिला.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेत असतं तेव्हा चुंबकाशी एका तऱ्हेने वागतं, ऑक्सिजन सोडून दिल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हे १९३६ मध्येच दाखवलं होतं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत हाच फरक एमआरआयने टिपला. १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूवरचे पहिले प्रयोग छापून आले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो, तोही गरजेपेक्षा जास्त. त्यामुळे तिथल्या चुंबकीय संदेशात बारीकसा फरक पडतो. या फरकाची नोंद म्हणजे फंक्शनल एमआरआय, अर्थात एफएमआरआय.

कवटी न उघडता, सुई न टोचता, किरणोत्सर्ग न देता जागत्या माणसाचा मेंदू कामात असताना पाहता यावा, ही विज्ञानाची फार मोठी कमाई आहे. मला या तंत्राबद्दल मनापासून आदर आहे. आदर आहे म्हणूनच त्याच्या नावावर खपवला जाणारा खोटा माल पाहवत नाही.

यंत्र नेमकं काय मोजतं ते नीट पाहा. ते रक्त मोजतं, विचार नाही. न्यूरॉनचं काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. रक्ताची लाट मात्र पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचते. संदेशातला फरक एक-दोन टक्क्यांचा, पुष्कळदा त्याहूनही कमी. मेंदूचे छोटे छोटे घन पाडून मोजमाप होतं. अशा एका घनाला व्हॉक्सेल म्हणतात. नेहमीच्या प्रयोगात त्याची बाजू साधारण तीन मिलीमीटर असते आणि त्या एवढ्याशा घनात लाखांच्या हिशेबात न्यूरॉन असतात. गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा लोड पाहून कोणत्या घरात कोणती मालिका चालू आहे ते सांगतो, असं कोणी म्हणालं तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. मेंदूबाबत तोच दावा आपण पहिल्या पानावर छापतो.

मग रंग येतो कुठून? माणसाला स्कॅनरमध्ये झोपवून चेहरे दाखवतात, मग घरं दाखवतात. पहिल्या वेळच्या मोजमापातून दुसऱ्या वेळचं मोजमाप वजा करतात. प्रत्येक व्हॉक्सेलला एकच प्रश्न : इथे खरा फरक नसेलच, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? ती शक्यता ठरावीक उंबरठ्याखाली गेली की त्या व्हॉक्सेलला रंग मिळतो. उंबरठा संशोधक ठरवतो, रंगांची पट्टीही तोच निवडतो. करडा राहिलेला मेंदू झोपलेला नसतो. तोही राबतच असतो, फक्त दोन्ही वेळा जवळपास सारखाच. आपण पाहतो ती वजाबाकीची बाकी. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला : वजा काय केलं?

आता त्या माशाकडे या.

अमेरिकेत क्रेग बेनेट या तरुण संशोधकाने सहकाऱ्यांसह एक सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला. लांबी साधारण १८ इंच, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. मासा मेलेला होता. त्याला माणसांचे फोटो दाखवण्यात आले आणि रीतीप्रमाणे सूचना देण्यात आली : फोटोतल्या व्यक्तीच्या मनात कोणती भावना आहे ते ठरव. मग नेहमीची आकडेमोड केली. ८०६४ व्हॉक्सेलपैकी १६ उंबरठा ओलांडून रंगले, आणि त्यांतले काही थेट माशाच्या मेंदूत निघाले. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत हे पोस्टर लागलं. २०१२ मध्ये त्याला, हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं, इग नोबेल मिळालं.

लोक हसले. हसू ओसरल्यावर यातलं गणित हातात घ्यायला हवं. उंबरठा होता हजारात एक. म्हणजे काहीही घडत नसताना हजार व्हॉक्सेल तपासले तर सरासरी एक तरी नुसत्या योगायोगाने पास होणार. आठ हजार तपासले तर आठ. माणसाच्या अख्ख्या मेंदूत लाखाच्या घरात व्हॉक्सेल असतात, म्हणजे शंभर खोटे ठिपके फुकट. इतक्या चाचण्या एकदम केल्या तर उंबरठा त्या हिशेबात कडक करावा लागतो. ही दुरुस्ती केल्याबरोबर माशाच्या मेंदूतला एकूण एक रंग नाहीसा झाला. बेनेट यांचं म्हणणं एवढंच होतं : ही दुरुस्ती करण्याची साधनं सगळ्यांच्या हाताशी आहेत, तरी ती न करता शोधनिबंध छापले जात आहेत. दुसरा प्रश्न त्या माशाने दिला : दुरुस्ती केली का?

दुरुस्ती केली तरी ती बरोबर होती का, हेही कोणीतरी तपासायला हवं होतं. २०१६ मध्ये स्वीडनच्या अँडर्स एकलुंड यांनी टॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांच्यासह ते काम केलं. ४९९ निरोगी माणसांचा डेटा घेतला. ही माणसं स्कॅनरमध्ये नुसती पडून होती, कोणतंही काम करत नव्हती. त्यांचे यादृच्छिक गट पाडून सुमारे तीस लाख विश्लेषणं केली. कुठलाच फरक सापडायला नको होता, चुकून सापडलाच तर शंभरात पाच वेळा. जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रचलित पद्धतीत, काही रचनांत, ही चूक ७० टक्क्यांपर्यंत गेली. एका सॉफ्टवेअरमध्ये तर पंधरा वर्षं लपून राहिलेली चूकही निघाली. जवळजवळ ४० हजार शोधनिबंधांवर प्रश्नचिन्ह लागतं, असं सुरुवातीला त्यांनी लिहिलं होतं. तो आकडा फुगलेला आहे हे लक्षात आल्यावर लेखकांनी तेही जाहीरपणे दुरुस्त केलं. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याने स्वतःची चूकही त्याच चव्हाट्यावर मांडावी, याला मी शास्त्र म्हणतो.

तिसरी चाचणी याहून बोलकी. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग आला. १०८ माणसांचा एकच डेटा जगातल्या ७० गटांना दिला आणि नऊ ठरावीक प्रश्नांची हो किंवा नाही अशी उत्तरं मागितली. डेटा एक, प्रश्न तेच. ७० पैकी कोणत्याही दोन गटांनी विश्लेषणाची वाट तंतोतंत सारखी धरली नाही. सरासरीने पाहिलं तर प्रत्येक प्रश्नावर पाचातला एक गट बहुमताच्या उलट बोलला. यांत लबाड कोणीच नव्हतं. डोक्याच्या हालचालीचा परिणाम कसा काढायचा, चित्र किती मऊ करायचं, उंबरठा कुठे ठेवायचा, असे डझनावारी निर्णय वाटेत लागतात आणि प्रत्येक निर्णय निकालाला थोडं वळवतो. मग एकाच गटाने, एकाच वाटेने काढलेल्या रंगीत चित्रावर ‘शास्त्रज्ञांना सापडलं’ असा मथळा कसा द्यायचा? तिसरा प्रश्न हा : दुसऱ्या कोणी करून पाहिलं का?

चौथा प्रश्न माणसांच्या संख्येचा. एफएमआरआय महाग असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं पंचविसेक माणसांवर प्रयोग होत राहिले. चेहरा पाहताना मेंदूचा कोणता भाग जास्त राबतो, हे पाहायला एवढी माणसं पुरू शकतात. पण ‘ज्यांच्या मेंदूचा अमुक भाग मोठा, ते हुशार’ किंवा ‘अमुक जोडणी कमजोर, म्हणून निराशा’ असले संबंध शोधायचे असतील, तर हजारो माणसं लागतात. २०२२ मध्ये सुमारे ५० हजार माणसांच्या स्कॅनवर आधारलेल्या एका अभ्यासाने हे आकड्यांनिशी दाखवलं. पंचवीस जणांवर काढलेला असा संबंध पुढच्या पंचवीस जणांत बहुधा सापडत नाही. तरी पुस्तकं त्यावरच निघतात.

आणि सगळे उंबरठे पाळले, माणसं भरपूर घेतली, तरीही एक ढोबळ चूक उरतेच : उलटा निष्कर्ष. भीती वाटताना अमुक भाग राबतो, म्हणून तो भाग राबला की माणूस घाबरला, असं म्हणणं. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एका मार्केटिंग तज्ज्ञाने लिहिलं की आयफोन वाजला की मेंदूतला इन्सुला नावाचा भाग सक्रिय होतो, म्हणजे लोकांचं आयफोनवर अक्षरशः प्रेम आहे. रसेल पोल्ड्रॅक आणि चाळीसहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी लगोलग निषेधाचं पत्र धाडलं. इन्सुला एफएमआरआयच्या जवळजवळ एक तृतीयांश अभ्यासांत सक्रिय दिसतो. वेदनेत दिसतो, किळस आल्यावरही दिसतो. त्यावरून प्रेम ठरवायचं, तर त्याच पुराव्यावर किळसही ठरवता येईल.

आयफोनचं प्रेम खोटं ठरलं तर कोणाचं काही बिघडत नाही. कैद्याचं बिघडतं.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला माजी वाग्दत्त वराच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली. आरोप होता प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा. खटल्यात इतर पुरावाही होता. पण निकालपत्रात एका चाचणीचं सविस्तर समर्थन होतं, आणि त्यामुळेच या खटल्याची चर्चा जगभर झाली. या चाचणीत स्कॅनर नव्हता, ईईजी होता, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेला मेंदूतल्या विजेचा आलेख. संशयिताने तोंड उघडायचंच नाही. तपासणारा प्रथमपुरुषी वाक्यं ऐकवतो : मी आर्सेनिक विकत घेतलं. मध्ये मध्ये साधी वाक्यं पेरतो : आकाश निळं असतं. मेंदूच्या लहरींवरून संगणक सांगतो, या वाक्यातला अनुभव या माणसाने स्वतः घेतला आहे की त्याने ते नुसतं ऐकलेलं आहे. ऐकायला थक्क करणारी गोष्ट.

वरचे चार प्रश्न इथे लावा. वजा काय केलं? निर्दोष माणसावर महिनोन्‌महिने हाच आरोप होत असेल, पोलिसांनी हेच प्रश्न शंभरदा विचारले असतील, रात्र रात्र डोळ्यांपुढे तेच दृश्य येत असेल, तर त्याचा मेंदू ते वाक्य ऐकून काय करेल, हे कोणी मोजलं होतं? चुकीची दुरुस्ती कशी केली, हे कोणत्या खुल्या, समीक्षित निबंधात मांडलं होतं? दुसऱ्या कोणी, पद्धत विकसित करणाऱ्यांशी संबंध नसलेल्या कोणी, करून पाहिलं होतं? किती माणसांवर? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही अशा पद्धतींना शास्त्रीय आधार नसल्याचंच म्हटलं होतं. मेलेल्या माशाच्या पोस्टरवर जेवढी उलटतपासणी झाली, तेवढीही जिवंत माणसाला तुरुंगात टाकण्यासाठी वापरलेल्या या चाचणीच्या वाट्याला आली नव्हती. मला याचा आजही संताप येतो.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला : नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीशिवाय कोणावरही करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या कलम २० (३) ला मान्य नाही. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा म्हणून घेता येणार नाही. स्वखुशीने दिलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती चालेल. माणसाच्या डोक्यात घुसण्याआधी दार वाजवावं लागतं आणि आतून नकार आला तर परत फिरावं लागतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलं. या निकालाचं मोल मोठं आहे.

त्याच महिन्यात अमेरिकेत टेनेसीच्या न्यायालयात एफएमआरआयवर चालणारी खोटेपणाची चाचणी दारातच अडली. आरोपीने ती खासगी कंपनीकडून करून घेतली होती. दोन मुद्द्यांपैकी एकावर यंत्राने त्याला खोटं ठरवलं. मग थकव्याचं कारण देऊन फेरचाचणी झाली आणि त्याच मुद्द्यावर तो खरा निघाला. न्यायालयाने असा पुरावा घ्यायला नकार दिला, आणि २०१२ मध्ये अपिलातही तो नकार कायम राहिला. दरम्यान २०११ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात संशोधकांनी लोकांना साधी युक्ती शिकवली : ठरावीक प्रश्न दिसले की हाताचं बोट किंवा पायाचा अंगठा कळणार नाही इतकाच हलवा. प्रयोगशाळेत १०० टक्के अचूक ठरलेली खोट्याची पारख ३३ टक्क्यांवर कोसळली. सराईत गुन्हेगार अंगठा हलवायला शिकेल. घाबरलेला निरपराध शिकणार नाही.

मग स्कॅनर गुंडाळून ठेवायचा का? अजिबात नाही. याच यंत्राने काय करून दाखवलं ते ऐका.

२००६ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत ‘सायन्स’मध्ये छापली. रस्त्यावरच्या अपघातानंतर पाच महिने ती निपचित पडून होती. डोळे उघडायची, पण हाक मारली तरी काही नाही. स्कॅनरमध्ये तिला सांगितलं : टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर. हालचालींची आखणी करणारा भाग कामाला लागला. मग सांगितलं : स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून फिरत आहेस अशी कल्पना कर. जागा ओळखण्याशी संबंधित भाग कामाला लागले. निरोगी माणसांत जो नमुना दिसतो, तोच. सांगितलेलं तिला कळत होतं.

२०१० मध्ये केंब्रिज आणि बेल्जियमच्या लिएज इथल्या संशोधकांनी अशा ५४ रुग्णांना तपासलं. पाच जणांना सूचनेनुसार मेंदू चालवता आला. त्यांतल्या एकाला प्रश्न विचारले. ‘हो’ म्हणायचं असेल तर टेनिस, ‘नाही’ म्हणायचं असेल तर घर. तुझ्या वडिलांचं नाव अलेक्झांडर आहे का? टेनिस. उत्तर बरोबर. सहापैकी पाच उत्तरं बरोबर आली आणि सहाव्या वेळी मेंदूत कुठलाच नमुना दिसला नाही. खाटेशेजारी उभं राहून त्या माणसाशी कोणताही संवाद जमलेला नव्हता.

हा प्रयोग आणि पुण्यातली ती चाचणी शेजारी ठेवून पाहा. इथे माणसाच्या मर्जीविरुद्ध काही काढून घेतलं जात नव्हतं, त्याच्या हातात बोलण्याचं साधन दिलं जात होतं. त्याला सूचना पाळायची नसती, तर यंत्र गप्प राहिलं असतं. कोणता भाग कशासाठी पाहायचा, हे निरोगी माणसांवर आधी पडताळलं होतं. आणि उत्तर खरं की खोटं, हे कुटुंबाला विचारून ताडून पाहता येत होतं. चुकीला दार उघडं ठेवलं होतं, म्हणून बरोबर उत्तराला किंमत आली.

ट्यूमर काढायला निघालेला शल्यचिकित्सक आधी एफएमआरआय करून बोलण्याचा, हात हलवण्याचा भाग कुठे आहे ते पाहतो. तिथेही चूक लगेच उघडी पडते, म्हणून तो ऑपरेशनच्या टेबलावर पुन्हा पडताळा घेतो. यंत्र असंच वापरावं.

आता घरातलं पाहू. मूल अभ्यासात मागे पडलं की ‘ब्रेन मॅपिंग’च्या जाहिराती पालकांना गाठतात. कोणी डोक्याला वायरी लावतं, कोणी तर नुसते बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा रंगीत आलेख हातात ठेवतं आणि मुलाने विज्ञानाला जायचं की कलेला, ते सांगतं. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. आणि स्कॅनच्या बाबतीत हे पक्कं लक्षात ठेवा : आज नैराश्य, एकाग्रतेचा अभाव किंवा स्वमग्नता यांचं निदान एकट्या माणसाच्या मेंदूच्या स्कॅनवरून होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ एमआरआय करायला सांगतात ते गाठ, रक्तस्राव, इजा असं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होतं बोलून, ऐकून, वेळ देऊन. रंगीत चित्र दाखवून कोणी तुमच्या मुलाचा आजार विकत असेल, तर पैसे आणि मूल दोन्ही घेऊन तिथून उठा.

पत्रकारांनाही माझं सांगणं आहे. ‘मेंदूचा भाग उजळतो’ हे वाक्य लिहू नका. किती माणसांवर प्रयोग झाला, कशाशी तुलना केली, दुसऱ्या कोणाला तेच सापडलं का, या तीन गोष्टी बातमीत घाला. जागा नसेल तर चित्र काढा आणि हा मजकूर ठेवा.

न्यायालयांनी सेल्वी निकालाची पाठराखण करावी. उद्या यंत्रं आणखी धारदार होतील. कृत्रिम बुद्धिमत्ता मेंदूच्या स्कॅनवरून शब्द ओळखण्याच्या वाटेवर आहेच. तपास यंत्रणांचा मोह वाढेल, ‘आता तंत्र सुधारलं आहे’ हा युक्तिवाद येईल. त्या दिवशी मागणी तीच हवी : पद्धत उघड करा, परक्यांना तपासू द्या, निर्दोषांवर किती वेळा चुकते ते आकड्यात सांगा, आणि तरीही माणसाची संमती घ्या.

एफएमआरआयचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. या क्षेत्राला सगळ्यात कठोर प्रश्न बाहेरच्यांनी विचारले नाहीत, आतल्यांनी विचारले. मासा स्कॅनरमध्ये ठेवणारे, तीस लाख वेळा आकडेमोड करणारे, सत्तर गटांना एकच डेटा देणारे सगळे या विद्येवर जीव टाकणारे संशोधक आहेत. आपल्या यंत्राला खोटं पाडायचा ज्यांनी जीव तोडून प्रयत्न केला, त्यांच्या यंत्रावर विश्वास ठेवावा. वजा काय केलं, दुरुस्ती केली का, दुसऱ्याने करून पाहिलं का, किती माणसं होती : हे चार प्रश्न ऐकून जो चिडतो, त्याचा स्कॅन कितीही रंगीत असो, घेऊ नका.